वाळुंज सर आणि रद्दीतला जपान

लोणीच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले ते १९९३ साली. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची भगवंत वाळुंज सरांची होती. ते भूगोल शिकवायचे. वय चाळीस-एक्केचाळीस, अंगानं सडपातळ, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं, आणि बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय. त्यांची बायको साळुबाई. मी त्यांना वहिनी म्हणायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. शाळेपासून दहा मिनिटांवर त्यांचं घर होतं आणि मला मंचरला नेणारी एसटी साडेपाचला यायची. त्यामुळे शाळा सुटल्यावरचा पाऊण तास मी बहुतेक त्यांच्या ओट्यावर काढायचे. पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी त्या ओट्यावर बसून पाहिलं, ऐकलं.

सुरुवात एका तासाला झाली. सर त्या दिवशी वर्गात जपान शिकवत होते. पुस्तकात वाक्य होतं, 'जपानी लोक कष्टाळू, काटकसरी व शिस्तप्रिय आहेत.' सरांनी ते वाचून दाखवलं, मुलांनी वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात अक्षदा नावाची एक मुलगी उभी राहिली.

"सर, तिथं आळशी माणूस एकबी नाय का?"

वर्ग खदखदून हसला. सरांनी तिला खाली बसवलं आणि पुढचा परिच्छेद घेतला. पण मधल्या सुट्टीत ते डबा उघडून तसेच बसून राहिले.

"बाई, त्या पोरीला मी गप केलं," ते मला म्हणाले. "खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. पंधरा वर्षं हे वाक्य शिकवतोय. बारा कोटी माणसं आणि एका ओळीत बसवलेली."

मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरतील. पण योग असा, की त्याच शनिवारी वहिनींनी साबुदाण्याची पुडी डब्यात ओतली आणि कागद चुलीकडे टाकणार, एवढ्यात सरांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. वरून खाली उतरणारी अक्षरं होती. कोपऱ्यात हवामानाचा एक छोटा नकाशा होता. धनुष्यासारखी वाकलेली ती बेटं भूगोलाचा मास्तर ओळखणार नाही तर कोण?

पुडी मंचरच्या मांगीलालशेठच्या दुकानातली होती. शेठचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या मंचरात गेलेल्या. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी आपल्यासारखीच मराठी. पुड्या बांधायला ते पुण्याहून रद्दी आणवायचे. त्या काळी तिच्यात परदेशी पेपरांचे गठ्ठे निघायचे, बोटीनं कुठून कुठून आलेले. कागद जाड आणि स्वच्छ असायचा, म्हणून दुकानदारांना तो आवडायचा.

सर दुकानात गेले आणि म्हणाले, "शेठ, ही अक्षरं असलेला कागद मला द्या. बदल्यात माझ्याकडची मराठी रद्दी घ्या. वजनाला वजन."

"देतो की. पण सर, वाचता येत नाही ते घेऊन करणार काय?"

"वाचता येत नाही म्हणूनच घेतोय."

शेठ गिऱ्हाइकांना पुढची दहा वर्षं हे वाक्य सांगून हसवत असत. पण जपानी कागद त्यांनी एकदाही कुणाला पुडीत दिला नाही. गठ्ठा फोडला की ती पानं बाजूला काढायची, हे त्यांच्या दुकानात ठरूनच गेलं.

सरांनी पुण्यात रविवारचा जपानीचा वर्ग लावला. पहाटेची पहिली एसटी पकडायची, नऊ ते बारा वर्ग, दुपारी परत. वर्गातली बाकीची पोरं कॉलेजातली. पुण्याच्या बाईंनी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारलं, जपानी कशाला शिकायचंय? सगळ्यांनी नोकरीचं कारण दिलं. सर म्हणाले, "तिथल्या एका आळशी माणसाच्या शोधात आहे." बाई हसल्या आणि त्यांनी सरांचं नाव लिहून घेतलं.

त्या भाषेला एक सोडून तीन लिप्या. दोन पाठ होतात, तिसरी म्हणजे हजारो चिन्हं. सर ओट्यावर खडूनं ती चिन्हं काढत. कुठली रेघ आधी, कुठली मागून, याचे नियम. वहिनी केरसुणी हातात घेऊन थांबायच्या आणि विचारायच्या, "अवो, पुसू का जपान?"

"थांब, तेवढं 'पाऊस' राहू दे."

मग वहिनी ओटा झाडायच्या आणि 'पाऊस' तेवढा ठेवायच्या.

पहिली दोन वर्षं सर रद्दीतलं फक्त मुलांचं पान वाचायचे, कारण त्यात अवघड चिन्हांशेजारी उच्चार बारीक अक्षरांत दिलेला असे. पेपरांत काल-परवाचं काहीच नसायचं. दीड-दोन वर्षं जुनं सगळं. "ताज्या बातम्यांसाठी टीव्ही आहे," सर म्हणायचे. "मला माणसं पायजेत." तिसऱ्या वर्षी त्यांना वाचकांच्या पत्रांचं सदर सापडलं आणि मग त्यांनी दुसरं काही वाचलंच नाही. त्या पत्रांची गंमत अशी की प्रत्येक पत्रासोबत नाव, गाव, काम आणि वय छापलेलं असे. शेतकरी, ७१. गृहिणी, ४९. बेकार, ३३. सर म्हणायचे, "बाई, आपल्याकडं पेपरात कुणी स्वतःचं वय छापू देईल का? आणि वर बेकार असं?"

एका सकाळी ते शाळेत आले तेच हात वर करून. "सापडला! आळशी माणूस सापडला!" चोपन्न वर्षांचा एक कारकून. त्यानं पत्रात लिहिलं होतं की रविवारी मी दुपारपर्यंत लोळतो, बायको माझ्या अंगावरून केर काढते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. अक्षदा तोवर दहावीत गेली होती. सरांनी तिला वर्गाबाहेर बोलावून अख्खं पत्र मराठीत ऐकवलं. ती म्हणाली, "म्हंजी आमच्या बाबांसारखाच."

सरांनी एक जाड वही केली होती. वर नाव घातलं होतं, 'जपानी माणूस'. पत्रांमधून त्यांना जे जे जाणवे ते ते त्यात टिपायचे. दुःख उघड करत नाहीत. नाही म्हणायचं टाळतात. ऋतूवरून बोलणं सुरू करतात. कधी कधी एखादा शब्द घेऊन माझ्याकडे यायचे, कारण मी मराठीची. एकदा 'उची' शब्दावरून आम्ही आठवडाभर घोळ घातला. शब्दकोशात त्याचा अर्थ 'घर' आणि 'आतली बाजू', असा दिलेला. पण पत्रातली बाई लिहीत होती, 'उचीमध्ये लोणच्यात साखर घालत नाहीत.' घरात घालत नाहीत म्हणावं, तर वाक्य लंगडं पडत होतं.

आम्ही बोलत होतो आणि वहिनी शेजारी शेंगा फोडत होत्या. त्या सहज म्हणाल्या, "आमच्यात बी न्हाई घालत."

सर माझ्याकडे बघायला लागले, मी सरांकडे. आमच्यात! बायका घराला, भावकीला, जातीला, गावाला, सगळ्याला मिळून जो एक शब्द वापरतात, तो नेमका तोच होता. सरांनी वहीत तो शब्द लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आता त्या पत्राचं सांगते.

१९९६च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मांगीलालशेठच्या नोकरानं एक गठ्ठा चुकून पुड्यांसाठी कापला होता. शेठनं हळहळत ते तुकडेच सरांना दिले. त्यात एक पत्र अर्धं होतं. माथा शाबूत होता, 'किनुए होसोया, गृहिणी, ६१'. आणि एका डोंगराळ जिल्ह्याचं नाव. मथळा होता, 'पाणी ओसरल्यावर'. सरांना ते वाचायला तीन संध्याकाळी लागल्या. चौथ्या संध्याकाळी त्यांनी ओट्यावर आम्हा दोघींना ते मराठीत सांगितलं.

त्या बाईचं माहेर धरणात गेलं होतं. तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा. नंतर गावातली माणसं पांगली, आईबाप शहरात भाड्यानं राहिले आणि तिथेच वारले. लेकीनं माहेरपणाला जाण्याला त्यांच्या भाषेत एक खास शब्द आहे, 'सातोगाएरी'. ती लिहीत होती की चौतीस वर्षं मी सातोगाएरी केलेली नाही, कारण जायला गावच नाही. यंदाच्या उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला, धरण आटलं आणि तळ उघडा पडला. मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघी बघायला गेलो. शाळेच्या पायऱ्या दिसल्या. चिखलात चालत चालत आम्ही आमच्या घराच्या जोत्यापाशी पोचलो. जोत्याचे दगड जागच्या जागी होते. मी वर चढले आणि माझ्या बहिणीनं...

पुढे कात्री.

मी वहिनींकडे पाहिलं. साळुबाईंचं माहेर घोड नदीच्या खोऱ्यातलं. डिंभ्याचं धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एक. भाऊ दुसरीकडे जमीन मिळाली तिथे राहायला गेले. तिथे वहिनी वर्षातून एकदा जात, पण त्या घराला त्यांनी कधी माहेर म्हटलेलं मी ऐकलं नाही. 'भावाकडं' म्हणत.

"बहिणीनं काय केलं?" वहिनींनी विचारलं.

"कापलंय गं. एवढंच आहे."

"दुसऱ्या तुकड्यात बघा की."

सरांनी सगळे तुकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी ते मंचरला जाऊन आले. तो तुकडा जिऱ्याची नाही तर हळदीची पुडी होऊन कुणाच्या तरी घरी गेला होता.

मग काही दिवस आमच्यात एकच विषय. सरांनी त्यांची वही उघडली आणि तीन वर्षांच्या अभ्यासावरून अंदाज केले. बहिणीनं जोत्याला वाकून नमस्कार केला असणार. किंवा काही न बोलता डोंगराकडे बघत उभी राहिली असणार, कारण ते लोक दुःख उघड करत नाहीत. मी म्हटलं, आईची आठवण काढून रडली असेल. वहिनी ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भांडली असंल."

"भांडेल कशाला?"

"बहिणी हायत न्हवं?"

वहिनी मागे लागल्या की तिलाच विचारा. सरांनी तोवर जपानीत कुणाला पत्र लिहिलेलं नव्हतं. चार खर्डे झाले. पुण्याच्या बाईंनी चुका दुरुस्त केल्या आणि पेपरच्या कचेरीचा पत्ता मिळवून दिला. सरांनी कचेरीला विनंती केली की सोबतचं पत्र होसोयाबाईंकडे पोचतं करावं. त्या पत्रात त्यांनी बायकोचं माहेरही असंच धरणात गेल्याचं लिहिलं, बहिणीचं विचारलंच, वर स्वतःचाही प्रश्न घातला. तुम्ही जपानी लोक गावाकडे, देशाकडे कसं बघता? जपानी असणं म्हणजे तुमच्या मते काय? पाकीट लोणीच्या पोस्टातून गेलं.

सत्त्याण्णव साल अख्खं गेलं. वहिनी पोस्टमनला बघितलं की उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या, मग आत जायच्या. सरांना वाटायला लागलं की आपलं पत्र कुणाला कळलंच नसेल, किंवा बाई आता नसतील. अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत पातळ कागदाचं पाकीट आलं. आत पाच पानं, पेनानं लिहिलेली.

आणि सरांना ती वाचता येईनात.

पाच वर्षं छापील अक्षरं वाचलेली. हातानं लिहिलेलं जपानी त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. एक चिन्ह दुसऱ्यात मिसळलेलं, रेघा गाळलेल्या, वरून खाली पाण्यासारखं वाहत गेलेलं. सर पुण्याच्या बाईंकडे गेले, पण बाई वाचून दाखवायला लागल्या तर यांनी त्यांना थांबवलं. "मला फक्त हे अक्षर कोणतं ते सांगा. बाकी मी वाचतो."

घरी वहिनींचा जीव टांगणीला लागलेला. "अवो, बहिणीनं काय केलं तेवढं आधी बघा. बाकीचं मागनं वाचा."

"असं मधूनच कसं वाचू? सुरुवातीपासून क्रमानं गेलं पायजे."

"तुमचा क्रम लई झाला!"

क्रमानंच झालं. पहिलं पान हवामानाचं आणि आभाराचं. दुसऱ्या पानावर ती म्हणत होती की भारतातून पत्र आल्यावर मुलगा म्हणाला, कुणीतरी फसवत असेल, म्हणून मी ते सहा महिने ड्रॉवरमध्ये ठेवलं. बहिणीचं उत्तर तिसऱ्या पानाच्या शेवटी निघालं. तोवर एप्रिल उजाडला होता. त्या दिवशी सरांनी मला मुद्दाम थांबवून घेतलं.

"ऐका," ते म्हणाले, आणि घसा खाकरला. "'मी जोत्यावर चढले आणि माझ्या बहिणीनं मागून आरडाओरडा केला. ती म्हणाली, बूट! बूट घालून घरात आलीस! आई असती तर तुझे पाय मोडले असते. मी म्हटलं, अगं, घर कुठे आहे? ती म्हणाली, तू उभी आहेस ते काय आहे मग? मला राग आला. तिलाही आला. शेवटी मी खाली उतरले, आम्ही दोघींनी बूट काढले, पायरीपाशी जोडून ठेवले आणि चिखलात अनवाणी घरात गेलो. स्वयंपाकघर कुठे, आजोबा कुठे झोपायचे, यावरून परत भांडलो. खूप हसलो. मग रडलो.'"

वहिनी आधी हसल्या. "भांडलीच," म्हणाल्या. मग पदरानं तोंड पुसलं आणि उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पण स्वयंपाकाची वेळ नव्हती.

सर ओट्यावर वही उघडून बसले. "बाई, हिला जपानी येत नाही," ते म्हणाले. "एक अक्षर येत नाही."

चौथ्या पानावर सरांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. 'तुमचा प्रश्न मी तीन वेळा वाचला. जपानी असणं म्हणजे काय, ते मला माहीत नाही. मी त्या गावची होते आणि आता नाही, एवढं माहीत आहे. माझे जावई पुस्तकं वाचतात, त्यांना विचारलं तर ते सांगतील.' आणि शेवटच्या पानावर होसोयाबाईंनीच प्रश्न केला होता. 'तुमच्या पत्नींच्या माहेरच्या दारात कोणतं झाड होतं?'

सरांनी वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, "झाड न्हवतं म्हणावं. दारात दगडी उखळ व्हतं, जमिनीत पुरलेलं. सगळी आळी त्यात भात कांडायला यायची. ते काय उचलून आणता आलं न्हाई."

"बरं, पण झाड विचारलंय तिनं. अंगणात, परसात एखादं?"

"न्हवतं झाड. खोटं नगा लिवू."

तिथून पुढे सात वर्षं त्या दोन बायकांचा पत्रव्यवहार चालला. सर मधले. वहिनी सांगायच्या, सर लिहायचे, आणि वर्षातून दोनदा तिकडचं पाकीट यायचं. विषय म्हणावेत तर काहीच नसायचे. माहेरी आलेल्या लेकीला तुमच्यात काय करून घालतात? तिथे तिला उशिरापर्यंत झोपू देतात का? होसोयाबाईंनी लिहिलं, देतात, आई दुसऱ्यांना हळू बोला म्हणते. वहिनी म्हणाल्या, "आमच्यात बी." एकदा सरांनी विचारलं, मे महिन्यात पाणी खाली जातं, आपणही जाऊन बघून येऊ का? वहिनी नको म्हणाल्या. "पाण्याखाली हाय तवर हाय. उघडं पडलं म्हंजी काय ऱ्हायलंय ते दिसंल." सरांनी पुन्हा विषय काढला नाही.

२००१ साली पुण्यात एक परिसंवाद झाला. विषय होता, जपानी सांस्कृतिक ओळख. पुण्याच्या बाईंच्या आग्रहामुळे सरांनाही वीस मिनिटं मिळाली. मी आणि वहिनी मुद्दाम गेलो. सरांच्या आधी दोघे विद्वान बोलले. त्यांनी जाडजाड इंग्रजी पुस्तकांचे आधार दिले आणि जपानी मनाचे चार पैलू मांडले. सर उभे राहिले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "मी पुस्तकं वाचलेली नाहीत. मी रद्दी वाचली." लोक हसले. ते प्रेमानं हसले असतील, पण सर बिचकले. बूट आणि जोत्याची गोष्ट त्यांनी सांगितली, तीही घाईत, उलटसुलट. कुणीतरी विचारलं, "मग यावरून निष्कर्ष काय?" सर म्हणाले, "काढता आला नाही." वीस मिनिटांतली आठच झाली होती.

परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. राजगुरुनगर गेलं. वहिनींनी पिशवीतून भाकरी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"त्या दोघांनी चार-चार सांगितलं," वहिनी म्हणाल्या. "माझ्या एक बी ध्यानात न्हाई. तुमी गोष्ट सांगताना पुढची बाई रडत व्हती, मी बघितलं."

"खरं?"

"मी कशाला खोटं बोलू?"

सरांनी भाकरी खाल्ली. वहीवरचं 'जपानी माणूस' हे नाव त्यांनी पुढे केव्हातरी खोडलं. दुसरं घातलं नाही.

मग दिवस बदलले. मांगीलालशेठ थकले, दुकान त्यांचा मुलगा अरिहंत बघायला लागला. माल तयार पिशव्यांतून यायला लागला आणि पुडी बांधणं बंद झालं. २००३ नंतर दुकानात परदेशी रद्दी आली नाही. अरिहंतनं शेवटचा उरलेला गठ्ठा सरांना असाच दिला. बदल्यात रद्दी घेतली नाही. सरांना ते फारसं आवडलं नाही. वजनाला वजन हा त्यांचा दहा वर्षांचा व्यवहार होता. अजूनही कुठे जुन्या कागदात बांधलेली पुडी दिसली की मी ती उलगडून बघते. त्यावर जाहिराती असतात.

२००५च्या शेवटी होसोयाबाईंचं पत्र आलं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचं आलं. तिचं नाव साचिए. आई हिवाळ्यात गेली, असं तिनं कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'आईच्या कागदांत तुमची पत्रं मिळाली. आईनं आम्हाला गावाबद्दल कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. मावशी आधीच गेली. तुमच्या पत्रांवरून दिसतं की आईनं तुम्हाला बरंच लिहिलं होतं. ते आम्हाला वाचायला मिळेल का?'

वहिनींना सरांनी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोटच्या लेकीला ठावं न्हाई?" आणि लगेच ट्रंक उघडली. तेरा पाकिटं होती. सरांनी मंचरला जाऊन सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढल्या. मग बराच विचार करून झेरॉक्स घरी ठेवल्या आणि मूळ पत्रं तिला पाठवली. "हाताचं अक्षर तिच्या आईचं आहे," ते मला म्हणाले. "आपल्याला काय, मजकूर मिळाला की झालं." वहिनींनी पाकिटात ठेवायला एक खण दिला होता. मुलीची पाठवणी रिकामी कशी करायची, म्हणाल्या.

२००७च्या पावसाळ्यानंतर एक छोटी पुस्तिका आली. चाळीसेक पानं. त्या बुडालेल्या गावातून निघालेली जी म्हातारी माणसं अजून होती, त्यांनी आणि साचिएनं मिळून ती छापली होती. कुणाचं घर कुठे होतं, कुणाच्या दारात काय होतं. त्यातली बरीच घरं होसोयाबाईंच्या पत्रांतून घेतली होती. शेवटच्या पानावर आभार होते. सरांनी बोट ठेवून दाखवलं.

"हे बघ. साळुबाई वाळुंज."

"ह्यात मी कुठली?" वहिनी वाकल्या. सरांनी एकेक अक्षर दाखवलं. सा. रु. त्यांच्याकडे ळ नाही आणि लही नाही. बा. इ. वहिनींनी चष्मा नीट केला आणि ती चार अक्षरं पुन्हा पुन्हा बघितली. त्यांना मराठीतही जेमतेम सही यायची.

मी त्या दिवशी तिथे होते. तोवर माझी बदली राजुरीला झालेली होती आणि रविवारी सवड मिळाली की मी जायचे. सर पुस्तिका चाळत होते. मध्ये गावाचा हातानं काढलेला नकाशा होता, प्रत्येक चौकोनात घरमालकाचं नाव. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"बाई," ते मला म्हणाले, "ह्या गावात किती घरं होती ते मी न बघता सांगू शकतो. बावन्न. हिच्या गावात किती होती ते मला ठाऊक नाही. एकतीस वर्षं झाली लग्नाला. मी विचारलंच नाही."

वहिनी म्हणाल्या, "तुमी भूगोलाचं मास्तर ना?"

चेष्टेत म्हणाल्या, पण सर हसले नाहीत. ते आत जाऊन एक कोरी वही घेऊन आले. पहिल्या पानावर त्यांनी नदीची एक वाकडी रेघ काढली आणि वही वहिनींपुढे धरली.

"ही घोड. आता सांग. गाव कुठनं सुरू होतं?"

वहिनींनी रेघेकडे पाहिलं. मग सरांच्या हातातून पेन्सिल घेऊन नदीचं वळण स्वतः दुरुस्त केलं, जरा आत वळवलं.

"अशी व्हती," त्या म्हणाल्या. "इथं उतार. इथं बायका धुणं धुवायच्या. वर आलं की पयलं घर धर्माजीचं, त्याला दोन म्हशी आन् एक पाय अधू. त्याच्या मागं गेणभाऊ. त्या दोघांचं बोलणं न्हवतं, पर भिंत एकच. मधी वाट सोडा, बैलगाडी जायची तिथनं. मग आमचं."

सरांनी पेन्सिल परत मागितली. वहिनींनी ती दिली नाही. बोलता बोलता त्याच चौकोन काढत राहिल्या, आणि सर शेजारी बसून प्रत्येक चौकोनात नाव लिहीत गेले, पेनानं.